मांडीएवढं अंतर

"एकच गोष्ट सांगायची, आज्जी. घाई नाही, पण एकच."

मिरजेतल्या एका नेत्र-रुग्णालयाच्या तळमजल्यावर, खिडक्यांना काळं कापड ठोकलेल्या खोलीत, तंत्रज्ञ ईश्वरी घोरपडे हे वाक्य रोज कुणाला ना कुणाला म्हणत असे. आज समोरच्या खुर्चीत मगदूम आज्जी होत्या.

"एकच म्हंजे?"

"म्हणजे वाचायचंय, की माणसं ओळखायचीत, की टीव्ही बघायचाय? साय एकच काय ते नीट शिकते. बाकीचं पुसट दिसणार."

"मग टीव्ही."

शेजारी उभी असलेली सून म्हणाली, "बघा मॅडम, माणसं नकोतच त्यांना."

"तुमची तोंडं पाठ हायत मला," आज्जी म्हणाल्या. "मालिकेत रोज नवीन येत्यात."

ईश्वरीने हसू आवरून टीव्हीचं अंतर विचारलं आणि पुढच्या खुर्चीकडे वळली. आठ-दहा वर्षांपूर्वी लेसर स्वस्त झाले आणि जिथे तिथे आले. कापायला, जोडायला, नक्षी कोरायला, मिरवणुकीत नाचवायला. त्याबरोबर डोळ्याच्या आतल्या पडद्याला, बरोबर मध्यभागी, टाचणीच्या टोकाएवढा भाजका डाग घेऊन येणारी माणसंही वाढली. अशा माणसाला कडेचं सगळं दिसतं आणि ज्याच्याकडे बघावं तेवढंच नाहीसं होतं. डाग बरा होत नाही. पण गेल्या दोन वर्षांपासून डोळ्यात एक फिल्म बसवता येऊ लागली होती. कंपनीने तिला लांबलचक नाव दिलं होतं. मिरजेत तिला साय म्हणत.

सायीचं द्रव्य मोठं मजेशीर. वाहतं पाण्यासारखं, पण आतले रेणू स्फटिकातल्यासारखे शिस्तीत उभे. म्हणून नावही द्रव-स्फटिक. काडीसारखे लांबट रेणू, उभ्या पिकासारखे, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. मंद प्रकाश त्यांच्यामधून निमूट निघून जातो. प्रकाश वाढवत नेला तरी बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एका मर्यादेपाशी सगळं पीक एकदम कलतं. दुप्पट प्रकाशाला दुप्पट परिणाम, असा सरळ हिशेब इथे चालत नाही, म्हणून भौतिकशास्त्रात याला अरेषीय परिणाम म्हणतात. कललेले रेणू मग त्या प्रकाशालाच वळवतात. थोडक्यात, प्रकाश आधी वाट पाडतो आणि मग आपणच पाडलेल्या वाटेने जातो. एम.एस्सी.ला असताना ईश्वरीने दोन काचांमधली अशी फिल्म लेसरसमोर पहिल्यांदा धरली, तेव्हा मागच्या भिंतीवर एकात एक लाल कडी उमटली होती. लेसर वाढवला की आणखी एक कडं. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी, पण न विरणारी. ती डबा खायचं विसरून बघत बसली होती.

त्यात ठरावीक रंगद्रव्याचे चार कण मिसळले, की हेच काम कितीतरी मंद प्रकाशात होतं. आणि ते कण कडेला चिकटून बसले, की प्रकाश गेला तरी रेणू कललेलेच राहतात. साय लक्षात ठेवते.

डोळ्यात तिचा उपयोग असा. पेशंटपुढे एक सराव-पेटी ठेवतात. दुधी काचेतून पसरलेला, डोळ्याला अपाय होणार नाही इतका मंद लेसर-प्रकाश ती समोरच्या वस्तूवर टाकते. तो प्रकाश डोळ्यात शिरतो, आतल्या पडद्यावरून परततो आणि येताना-जाताना सायीत स्वतःलाच भेटतो. चांगल्या जागेवरून परतलेला प्रकाश नीटनेटका असतो, डागावरून परतलेला विस्कटलेला. नीटनेटका प्रकाश रेणूंना हळूहळू वळण लावतो, विस्कटलेल्याला ते जमत नाही. असं महिनाभर चाललं, की डागावर पडणारं चित्र साय अलगद शेजारच्या निरोगी जागेवर नेऊन ठेवते. मात्र जे वारंवार पाहिलं, ज्या अंतरावर आणि ज्या आकाराचं पाहिलं, तेवढंच. महिन्याच्या शेवटी जांभळ्या दिव्याखाली साय पक्की करायची. पक्की झाली की आयुष्यभर तीच.

त्या दिवशी यादीत शेवटचं नाव ईश्वरीच्या नवऱ्याचं होतं.

*

विश्वजीत कुपवाडच्या एका कारखान्यात डाय बनवायचा. पोलादाच्या ठोकळ्यात ड्रॉइंगबरहुकूम पोकळी कोरायची, केसाच्या जाडीइतकाही फरक न होऊ देता. लेसर-वेल्डिंग चालू असताना सांधा नीट दिसेना म्हणून त्याने गॉगल क्षणभर कपाळावर सरकवला, आणि चकचकीत पोलादावरून आलेल्या तिरिपीने त्याचा डावा डोळा पार नेला, उजव्यात मधोमध डाग ठेवला. तेव्हा ईश्वरीला सातवा महिना होता. रुंजी जन्मली तेव्हा नर्सने तिला त्याच्या हातात दिलं. तो मान तिरकी करून, कडेच्या नजरेने तिला धरायला बघत राहिला. जावळ दिसलं, कान दिसला, मुठी दिसल्या. चेहऱ्याकडे बघायला गेलं की चेहरा नाही.

उजव्या डोळ्यात साय बसवायचं ठरलं तेव्हा ईश्वरीने त्यालाही याच खुर्चीत बसवून तेच वाक्य म्हटलं होतं.

"अक्षरं आणि रेघा," तो लगेच म्हणाला होता. "ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे."

"आणि रुंजी?"

"रुंजीला हातानं बघतो की मी. घरात बसलेला बाप तिला काय कामाचा?"

तिने पुढे विचारलं नाही. तिलाही तो कामावर जायला हवा होता. दिवसभर खाटेवर पाय सोडून बसलेला, दारात कुणी आलं की आवाजावरून ओळखायची खटपट करणारा विश्वजीत तिला बघवत नव्हता, आणि हे ती कुणाजवळ बोलली नव्हती.

शस्त्रक्रिया नीट झाली. संध्याकाळी रिक्षा दारात थांबली. ईश्वरी रुंजीला आणि पिशव्या सांभाळत मागून उतरली, तोवर विश्वजीत उंबऱ्याशी पोचला होता. दारात तिच्या सासूबाई, रूपालीताई, तबक घेऊन उभ्या. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, कुंकू लावायला त्याचा काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि निरांजन त्याच्या तोंडासमोरून ओवाळलं. चांगलं सावकाश, मायेनं, पुन्हा पुन्हा.

ईश्वरीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"आई, दिवा!"

"तुपाचाय गं. धूर नाही त्याला."

चूक कुणाची, हे ठरवणं अवघड होतं. ऊन नको, मोबाइल नको, टीव्ही नको, ताप येऊ देऊ नका, हे सगळं ईश्वरीने घरात बजावलं होतं. निरांजन तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. दवाखान्यातून माणूस परत आला की ओवाळायचं, हे तिच्याही लेखी पाणी पिण्याइतकं साधं होतं. आणि नवी साय पहिले काही दिवस फार हळवी असते, कशालाही भुलते.

दुसऱ्या दिवशी खोलीत तिने त्याच्या डोळ्यातून मंद तपासणी-किरण नेला. यंत्राच्या पडद्यावर सायीचा मनसुबा, म्हणजे ती काय शिकू पाहतेय त्याचा नकाशा, उमटला. त्यात एक स्वच्छ, गोल कडं होतं. ओवाळण्याचं.

"सुंदर आहे," डॉक्टर निगार पटवेगार म्हणाल्या. सायीचा विभाग त्यांचा. "पण पुसावं लागेल."

पुसणं म्हणजे सायीला गरम करणं. तापातल्या अंगाहून जरा जास्त ऊब मिळाली की रेणूंची शिस्त मोडते, साय साधं पाणी होते आणि सगळं विसरते. थंड झाली की पुन्हा कोरी. पण दर विसरण्यात थोडं रंगद्रव्य मरतं. पहिल्यांदा पुसलेलं कळतही नाही. दुसऱ्यांदा पुसलं तर साय जाडंभरडं तेवढंच शिकते, बारीक ड्रॉइंग नव्हे, पण ठळक अक्षरं. तिसऱ्यांदा काहीच नाही.

घरी रूपालीताईंनी देवापुढचा दिवा उचलून स्वयंपाकघरातल्या कपाटात, दाराआड नेऊन ठेवला. "देवाला चालतंय अंधारात," त्या म्हणाल्या. "त्याला काय ड्रॉइंग वाचायचंय?" मग पदराने डोळे पुसले. विश्वजीत म्हणाला, "आई, रडू नको. दिसत नाही मला, पण ऐकायला येतंय."

*

महिना चालू झाला. सकाळी ईश्वरी रुंजीला पाजून, दूध काढून ठेवून, स्कूटरवरून रुग्णालयात जायची. दुसऱ्यांच्या सायींना शिकवायची. बाहेरच्या बाकावर कुणाचं तान्हं रडलं की तिची छाती भरून यायची आणि ब्लाउज ओला व्हायचा, मग ती वरून एप्रन घालून पुन्हा कामाला लागायची. घरी विश्वजीत सराव-पेटीपुढे बसायचा. पेटीच्या चौकटीत अक्षरांचे आणि रेघांचे तक्ते लावायचे, ते बदलण्याचं काम रूपालीताईंनी आपणहून घेतलं होतं.

संध्याकाळी ती विचारायची, "कुठवर आलं?"

"चाललंय."

"रेघा सुट्या दिसतात?"

"दिसतील."

तो हल्ली हसतमुख असायचा. गुणगुणायचा. तिला वाटायचं, जमतंय वाटतं.

आणि आज शेवटची तपासणी. साय पक्की करायचा दिवस. मगदूम आज्जी सुनेच्या हाताला धरून गेल्या आणि विश्वजीत खुर्चीत येऊन बसला, हनुवटी आधारावर टेकवली. तिने तपासणी-किरण लावला.

अक्षरं शिकलेल्या सायीचा मनसुबा नांगरलेल्या शेतासारखा दिसतो. बारीक, आडव्या, एकमेकींना धरून चाललेल्या सऱ्या. अशा शेकडो तिने पाहिल्या होत्या.

पडद्यावर सऱ्या नव्हत्या. एक मऊ, उभट गोल होता. त्यात दोन खळगे.

चेहरा शिकलेली साय अशी दिसते. कुणाचा चेहरा, ते एरवी ओळखू येत नाही. फोटो नसतो तो, हजार वेळा पाहिल्याचा गाळ असतो. पण मोठ्या माणसाचे डोळे चेहऱ्याच्या मध्यावर असतात. इथे खळगे मध्याच्या बरेच खाली होते. वर नुसतं कपाळच कपाळ, खाली गालांची रुंदी. असं डोकं फक्त तान्ह्या बाळाचं असतं.

"बस जरा," ती म्हणाली. "आलेच."

डॉक्टर पटवेगारांनी पडद्यावरच्या चित्राची छापील प्रत हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"अंतर किती?"

"मांडीवर धरलेल्या मुलाएवढं. त्याच्या अलीकडे-पलीकडे धूसर."

"हूं. म्हणजे तुझ्या सासूबाई तक्ते बदलत नव्हत्या."

"भाकऱ्या करायच्या असतील. मूल त्याच्या मांडीवर देऊन जात असतील. आणि समोर पेटी चालू." ईश्वरीचा आवाज कोरडा होता. "मॅडम, आणखी वर्षाने ती मांडीवर बसणार नाही. चालेल, पळेल. मग तो काय बघणार? आयुष्यभर हातभर अंतरावर काय बघणार?"

"एकदा पुसता येतं अजून."

"ठळक अक्षरं तरी येतील. काहीतरी काम करता येईल."

"येईल."

"पुसताना त्याला कळणारही नाही. यंत्राने नीट धरलं नाही म्हणून सांगितलं, आणखी महिना लागेल म्हटलं, तर..."

डॉक्टरांनी प्रत परत दिली. "पेशंटला विचारायचंच असतं, ईश्वरी. नवऱ्याला विचारायचं की नाही, ते मला काय विचारतेस? मी माझ्या नवऱ्याला न विचारता त्याची मोटारसायकल विकली होती. वीस वर्षं झाली, अजून ऐकतेय."

*

ती परत आली तेव्हा विश्वजीत तसाच बसला होता. हनुवटी आधारावर, दोन्ही हात गुडघ्यांवर. शाळेतल्या मुलासारखा.

"झालं काय गं?"

"होतंय. हलू नको."

तिने उबेचं बटण फिरवलं. अवरक्त किरणाचा आवाज होत नाही, दिसतही नाही. आकडा हळूहळू चढायला लागला. पडद्यावर कपाळाची वरची कड जराशी विरघळली.

"कोमट लागतंय," विश्वजीत म्हणाला.

ती आकड्याकडे बघत राहिली.

"ईश्वरी. मागच्या वेळेला कडं पुसलंस तेव्हा असंच लागलं होतं."

तिने बटणावरून हात काढला नाही, पण आकडा होता तिथे थांबवला.

"पुसायलीस?"

"तू अक्षरं म्हणाला होतास," ती म्हणाली. "तूच. या खुर्चीत बसून."

"म्हणालो होतो. पहिले दिवस बसलोपण त्या तक्त्यांपुढं. खोटं नाही सांगत. मग एकदा आईनं हिला मांडीवर टाकलं आणि कालवणाला फोडणी द्यायला गेली. ही चुळबुळ करायला लागली म्हणून तोंड माझ्याकडं केलं. उजेड पडला होता तिच्यावर." त्याने हात मूल धरल्यासारखे मांडीवर घेतले. "आणि आली की गं. आधी धुकं, आणि मग एकदम आख्खी. भुवया नाहीतच तिला. कुणी सांगितलंच नव्हतं मला."

"येतील."

"तर मग मला तक्त्याकडं जाताच येईना. अक्षरं मला माहितायत, ईश्वरी. क कसा दिसतो ते मला बघायला लागत नाही."

"आणि काम?"

"मालकांशी बोललोय. पॉलिशला बसवतो म्हणालेत. ते हातावर चालतं."

"बोललास? कधी?" तिचा आवाज चढला. "म्हणजे तू ठरवून मोकळा. मालकांना माहिती, आईंना माहिती असणार, आणि मी इथे रोज मनात धरून बसलेय की रेघा सुट्या होतायत! मला सांगायचं नाही?"

"तू आता गरम करायलीस, ते मला सांगून?"

तिने बटण शून्यावर आणलं. आकडा उतरायला लागला. पडद्यावर कपाळ हळूहळू पुन्हा भरत आलं. पूर्वीइतकं नाही. वरची कड थोडी पुसट राहिली, ती राहिलीच.

"ती मांडीवरून उतरेल, विशू," ती म्हणाली. घरात सासूबाईंसमोर ती त्याला अहो म्हणायची. विशू फार दिवसांत म्हटलं नव्हतं. "वर्षाच्या आत. मग लांबून नाही दिसणार तुला. शाळेत जाताना नाही, स्टेजवर नाही. नुसती आकृती दिसेल."

"उतरू दे. उतरताना तरी बघीन."

ती स्टुलावर बसली. पडद्यावरचा तो उभट गोल तिने पुन्हा पाहिला. त्यात रुंजी होती, सबंध महिन्यातली. झोपेतली, रडतानाची, जांभई देतानाची, सगळी एकावर एक. ती स्वतः सकाळी उठून निघून जात होती ते सगळे तास त्यात होते. ती कुठेही नव्हती. असणार तरी कशी? ती दिवसभर इथे, अंधारात, मगदूम आज्जींसारख्यांना टीव्ही शिकवत होती.

"माझा पत्ताच नाही यात," ती म्हणाली. तक्रार करायची नव्हती. तंत्रज्ञ म्हणून म्हणाली, असं तिला वाटलं.

"तू थांबतीस कुठं समोर?"

*

साय पक्की करताना पेशंटने समोर एका जागी बघत राहायचं असतं. त्यासाठी पांढरा ठिपका काढलेली एक पाटी असते. ईश्वरीने ती दांडीवर चढवली, पुढे-मागे सरकवून अंतर जुळवलं. मग काढून टेबलावर ठेवली. स्टूल ओढलं आणि पाटीच्या जागी स्वतः बसली. त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता.

"काय करतीयस?"

"पाटीवर डाग पडलेत. माझ्याकडे बघ."

जांभळा दिवा उघड्या डोळ्यांनी बघायचा नसतो. तंत्रज्ञाने काळा चष्मा लावायचा, नाहीतर डोळे मिटून घ्यायचे. चष्म्याने तिचा निम्मा चेहरा झाकला असता. तिने डोळे मिटले आणि हाताने चाचपत बटण दाबलं. पापण्यांच्या आतून तिला जांभळट उजेड जाणवला. आता सायीत रेणूरेणूभोवती जाळं विणलं जात असेल. कललेला रेणू कललेलाच राहील. आता परत वळायला वाट नव्हती.

"दिसतेय का?" तिने ओठ शक्यतो न हलवता विचारलं.

"थांब. मोठं आहे तोंड तुझं, कडेला फाटतंय." ती वाट पाहत राहिली. तो बघत असताना तो कसा दिसतोय, हे काही तिला बघता येत नव्हतं.

"हां," तो म्हणाला. "आता मधे आलीस."

त्याचा श्वास तिच्या गालाला लागत राहिला.

"वाळलीस गं," विश्वजीत म्हणाला.

तिच्या मिटल्या पापण्यांमधून पाणी आलं आणि नाकाच्या कडेने खाली उतरायला लागलं. पुसायला हात वर करावा लागला असता. दिवा अजून चालू होता. ती हलली नाही.